धंद्यातली भरती-ओहोटी आणि घरातली वही

॥ श्रीगुरवे नमः ॥

*कुटुंब-अभ्यास : या गुरुवारचा पाठ*



गेल्या काही आठवड्यांत आपल्या कुटुंब-गटांमधून दोन प्रकारचे प्रश्न आले. एका घरातून विचारलं गेलं, "रोज जप करतो, पारायण चुकवत नाही, तरी दुकान का बसलं? आमची सेवा कुठे कमी पडली?" दुसऱ्या घरातून निरोप आला, "यंदा धंदा दुप्पट झाला, सगळी गुरुकृपा!" वरवर पाहता हे दोन वेगळे प्रश्न वाटतात. नीट पाहिलं तर दोन्हींच्या पोटात एकच समजूत आहे : नफा म्हणजे कृपा आणि तोटा म्हणजे अवकृपा. आजचा पाठ या समजुतीबद्दल आहे.

हा पाठ आम्ही हैदराबादच्या चार-पाच धंदेवाल्या कुटुंबांनी मिळून तयार केला आहे. कुणाचं बालानगरला छोटं मशीन-शॉप आहे, कुणाचं काचीगुड्याला किराणा दुकान, कुणी बेगम बाजारातून माल उचलून गावोगावी पुरवतं, कुणी घरगुती फराळाच्या ऑर्डरी घेतं. आम्ही विद्वान नाही. पण चांगले दिवस पाहिले आहेत, वाईटही पाहिले आहेत, आणि दोन्ही दिवसांत संध्याकाळी देवापुढे दिवा लावला आहे. तेवढ्या अधिकाराने लिहितो.

*१. तोटा ही शिक्षा नाही*

आधी हे मनावर ठसवून घेऊ या. धंदा बसण्याची कारणं बहुतेक वेळा अगदी साधी असतात. समोर मोठं दुकान उघडलं. रस्त्याचं काम निघालं आणि सहा महिने गिऱ्हाईक फिरकलं नाही. कच्च्या मालाचा भाव चढला. मोठ्या गिऱ्हाइकाने बिल अडकवलं. घरात आजारपण आलं आणि भांडवल दवाखान्यात गेलं. यातल्या कुठल्याही कारणाचा आपल्या जपमाळेच्या मण्यांशी संबंध नाही.

मग साधना कशासाठी? सद्गुरू आपल्याला नेहमी समत्व शिकवतात. यश आलं तरी डोकं ठिकाणावर राहावं आणि अपयश आलं तरी हातपाय चालू राहावेत, यासाठी साधना. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुनाला हेच सांगितलं आहे, आणि तेही रणांगणावर. म्हणजे काम सोडून बसलेल्या माणसाला सांगितलेलं नाही. ज्याला लगेच उठून काम करायचं आहे, त्याला सांगितलं आहे. धंदेवाल्याला हा उपदेश सगळ्यात जास्त लागू पडतो, कारण त्याचं रणांगण रोज सकाळी शटर उघडलं की सुरू होतं.

*२. देहूचे महाजन*

"भक्ताचा धंदा बुडत नाही" असं कुणी म्हणालं, तर त्यांना देहूची आठवण करून द्यावी. तुकाराम महाराजांच्या घराण्यात महाजनकी होती, बाजारपेठेत वाण्याचा व्यवसाय होता, सावकारीही होती. घर खाऊन-पिऊन सुखी. मग एकामागून एक संकटं आली. आई-वडील गेले. 1630 च्या सुमाराला दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. त्यात पहिली पत्नी गेली, मुलगा गेला, गुरं गेली आणि दुकानाचं दिवाळं निघालं. गावात अब्रू गेली.

आपण महाराजांचे अभंग म्हणतो, पण ते एका बुडालेल्या व्यापाऱ्याचेही अभंग आहेत, हे विसरतो. परंपरा सांगते की पुढे त्यांनी लोकांकडून येणं असलेली कर्जखतं काढली. अर्धी धाकट्या भावाला, कान्होबांना, दिली, कारण तो त्याचा हिस्सा होता. उरलेली, आपल्या वाट्याची, इंद्रायणीत बुडवली.

या प्रसंगाकडे आपण वैराग्य म्हणून पाहतो, ते बरोबरच आहे. पण धंदेवाल्याच्या नजरेने पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. त्यांनी आधी हिशेब केला, वाटणी केली, भावाचा हक्क भावाला दिला, आणि मगच आपल्या हिश्श्यावर पाणी सोडलं. दुसऱ्याच्या पैशावर पाणी सोडलं नाही. त्याग स्वतःच्या वाट्याचा करायचा असतो. "मला पैशाची पर्वा नाही" म्हणत देणेकऱ्यांना वाऱ्यावर सोडणं, याला वैराग्य म्हणत नाहीत.

*३. बेळगावचं सायकलचं दुकान*

दुसरं उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचं. जन्म 1869 चा. मुंबईत चित्रकला शिकायला गेले, पण रंग ओळखण्यात दोष असल्याचं लक्षात आलं आणि चित्रकलेचा रस्ता बंद झाला. मग यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. तिथे बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडली. बेळगावला भावाबरोबर सायकलचं दुकान चालवलं. पुढे कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवायला घेतले.

नांगर उत्तम होता, पण विकत घ्यायला कुणी तयार होईना. लोखंडामुळे जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोनेक वर्षं लागली असं सांगतात. जरा बस्तान बसतंय तोच बेळगावची जागा सोडावी लागली. तेव्हा औंधच्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं. निवडुंगाने आणि सापांनी भरलेली ती जागा. 1910 मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

गोष्ट इथे संपवली तर ती "शेवटी सगळं छान झालं" अशी होईल. पण भरती-ओहोटी थांबत नसते. पहिल्या महायुद्धात कच्चा माल मिळेनासा झाला. 1948 साली, गांधीहत्येनंतरच्या दंगलीत, किर्लोस्करवाडीला आग लावली गेली. कारखाना पुन्हा उभा केला गेला. त्याच घराण्याने 1941 मध्ये हरिहरला मशीन टूल्सचा म्हैसूर किर्लोस्कर कारखाना काढला होता. तो कित्येक वर्षं चालला, नावाजला आणि शेवटी बंद पडला. पंप आणि इंजिनं बनवणाऱ्या कंपन्या मात्र आजही चालू आहेत.

एवढ्या मोठ्या घराण्याचाही एक कारखाना चालतो आणि एक बंद पडतो. मग आपलं एखादं दुकान चाललं नाही, तर "आपल्या घराण्याला धंदा धार्जिणा नाही" असं लेकरांसमोर म्हणायचं कारण काय? दुकान बंद पडलं म्हणजे एक दुकान बंद पडलं. माणूस बंद पडत नाही.

*४. आपल्याच शहरातली गोष्ट*

आता हैदराबादची. आपल्या गटातल्या कितीतरी घरांतली मुलं-मुली आयटीमध्ये आहेत, त्यामुळे ही गोष्ट वडीलधाऱ्यांना आठवत असेल.

1987 मध्ये रामलिंग राजू यांनी इथे सत्यम कॉम्प्युटर्स सुरू केली. सुरुवात मोजक्या माणसांनिशी. वीसेक वर्षांत कंपनीत सुमारे 53,000 माणसं काम करू लागली. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदणी झाली. 2005 मध्ये राजूंच्याच पुढाकाराने 108 रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, जिने असंख्य जीव वाचवले. सप्टेंबर 2008 मध्ये कंपनीला उत्तम कारभाराबद्दल गोल्डन पीकॉक पुरस्कारही मिळाला.

त्यानंतर चार महिन्यांच्या आत, 7 जानेवारी 2009 ला, राजूंनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबूल केलं की हिशेब खोटे आहेत. बँकेत आहेत म्हणून दाखवलेल्या रकमेतले 5,040 कोटी रुपये नव्हतेच. आधीच्या तिमाहीत 649 कोटींचा नफा दाखवला होता, खरा होता 61 कोटी. त्या एका दिवसात शेअरची किंमत तीन-चतुर्थांशाहून जास्त कोसळली. हजारो घरांत त्या रात्री चूल नीट पेटली नाही. 2015 मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजूंसह दहा जणांना दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा सुनावली. पुढे अपील आणि जामीन झाले.

आम्हाला या गोष्टीत कुणाचा न्याय करायचा नाही, ते काम न्यायालयाचं. आपल्या अभ्यासाचा मुद्दा वेगळा आहे. त्या पत्रात राजूंनीच लिहिलं होतं की खरा नफा आणि दाखवलेला नफा यांतलं अंतर सुरुवातीला अगदी थोडं होतं. पुढे ते वर्षागणिक वाढत गेलं आणि परत फिरता येईना. वाघावर बसलो आहोत पण उतरावं कसं कळत नाही, अशा अर्थाची उपमा त्यांनी दिली होती.

हे वाचून आम्ही सगळे गप्प झालो, कारण छोट्या प्रमाणात हे आपल्या घरातही घडू शकतं. एका महिन्यात पन्नास हजार कमी पडले. घरी सांगितलं नाही, क्रेडिट कार्डावर भागवलं. पुढच्या महिन्यात ते फेडायला मित्राकडून घेतले. मित्राचे फेडायला मोबाइलवरच्या लोन-ॲपचे घेतले. पन्नास हजाराचं दुखणं वर्षभरात आठ-दहा लाखांचं होतं, आणि घरातल्या माणसांना ते वसुलीवाला दारात आल्यावर कळतं. तूट लहान असताना सांगायला लाज वाटते, आणि मोठी झाली की भीती वाटते. म्हणून सांगायची वेळ लहान असतानाची.

आणखी एक. 108 ची सेवा हे खरंच मोठं पुण्यकाम होतं. पण खोट्या वहीची भरपाई त्याने झाली नाही. आपणही हे ध्यानात ठेवावं. अन्नदानाची पावती एकीकडे आणि कामगारांचा थकलेला पगार दुसरीकडे, असं नसावं. आधी पगार, मग देणगी. सद्गुरूंना ते जास्त आवडेल.

या गोष्टीची पुढची बाजूही मुलांना जरूर सांगा. सरकारने जुनं संचालक मंडळ बाजूला केलं, किरण कर्णिक, दीपक पारेख अशा जाणत्या लोकांना बसवलं. खरे आकडे टेबलावर आले. तीन-साडेतीन महिन्यांत, एप्रिल 2009 मध्ये, टेक महिंद्राने ती कंपनी घेण्याची बोली जिंकली आणि 2013 मध्ये ती टेक महिंद्रात विलीन झाली. बहुतेक कामगारांचं काम चालू राहिलं. म्हणजे खरा आकडा बाहेर आल्यावरच वाचवण्याचं काम सुरू होऊ शकलं.

*५. याच शहरातली दुसरी गोष्ट*

हैदराबादचेच के. आय. वरप्रसाद रेड्डी. इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर, आधी बॅटरीच्या उद्योगात होते, तिथून बाहेर पडले. 1992 मध्ये जिनिव्हाच्या एका परिषदेला गेले असताना हिपॅटायटिस-बी लशीबद्दल कळलं. तेव्हा ही लस बाहेरून यायची आणि सामान्य घराला परवडायची नाही. परदेशी कंपनीकडे तंत्रज्ञान मागितलं तर नकार मिळाला, तोही अपमान करून. परत येऊन 1993 मध्ये त्यांनी आईच्या नावाने शांता बायोटेक्निक्स काढली. औषधशास्त्राची पदवी नाही, बँका कर्ज देईनात. तेव्हा ओमानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी पैसे घातले. 1997 मध्ये भारतात बनलेली लस बाजारात आली, आयात लशीच्या किमतीपेक्षा कितीतरी स्वस्त.

इथवर चढती कमान. पुढे 2009 मध्ये सनोफी या फ्रेंच कंपनीने शांता विकत घेतली. कंपनीची पाच रोगांवरची एकत्र लस जागतिक आरोग्य संघटनेच्या मान्यतेने परदेशात जात होती. 2010 मध्ये तिच्या बाटल्यांत साका दिसला आणि संघटनेने मान्यता काढून घेतली. मोठी मागणी हातची गेली. कंपनीने काम पुन्हा मुळापासून तपासलं. चार वर्षांनी, 2014 मध्ये, त्या लशीला परत मान्यता मिळाली.

एकाच शहरातल्या दोन कंपन्या, ओहोटी दोघींना आली. एकीकडे आकडा झाकला गेला. दुसरीकडे दोष सगळ्या जगासमोर आला, अब्रूला धक्का लागला, चार वर्षं गेली, पण दुरुस्त करता आला. घरातल्या तरुण मुलांशी या दोन गोष्टी शेजारी ठेवून बोला.

*६. नफा आणि गल्ल्यातली रोकड*

आता थोडं व्यवहाराचं. साधकाला हिशेब कळायलाच हवा. "नफ्यात असूनही पैसे का नसतात?" हा प्रश्न आमच्या प्रत्येक घराने कधी ना कधी विचारला आहे. एक उदाहरण घेऊ.

समजा तुमचं छोटं वर्कशॉप आहे. महिन्याला 10 लाखांचा माल देता. त्यात 6 लाख कच्चा माल, 3 लाख पगार, भाडं, वीज. नफा 1 लाख. कच्च्या मालाचे पैसे एक महिन्याने द्यायचे असतात, पगार त्याच महिन्यात. गिऱ्हाईक मात्र महिनाअखेरीच्या बिलानंतर तीन महिन्यांनी पैसे देतं. म्हणजे पहिलं बिल चौथ्या महिन्याच्या शेवटी सुटणार. तोवर तुमच्या खिशातून किती गेले? पगार-भाडं चार महिन्यांचं, 12 लाख. कच्चा माल तीन महिन्यांचा, 18 लाख. एकूण 30 लाख! वही म्हणते चार महिन्यांत 4 लाख नफा झाला, आणि गल्ला म्हणतो 30 लाख घाला. शिवाय जीएसटी वेगळा, तो बिल फाडलं की भरावाच लागतो, पैसे आलेले असोत वा नसोत.

त्यात ऑर्डर दुप्पट झाली की आपण पेढे वाटतो. पण लागणारं भांडवलही दुप्पट होतं, म्हणजे 60 लाख. कितीतरी धंदे मंदीत तगतात आणि तेजीत बुडतात, ते यामुळे. म्हणून भरतीच्या काळात जास्त सावध राहायचं.

आमच्यातल्या एका घरात असंच झालं. एका मोठ्या कंपनीने सात महिने बिल अडकवलं. मालात खोट नव्हती, कागद पूर्ण होते. फोन केला की "साहेब मीटिंगमध्ये आहेत." त्या काळात वहिनींनी आपल्या पाटल्या गहाण ठेवून कामगारांचे पगार केले. पैसे शेवटी आले, पाटल्याही सुटल्या. पण त्या सात महिन्यांत घर कसं टिकलं, याचं उत्तर वहिनी एका वाक्यात देतात : "मला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं."

अशा वेळी कायद्याचा आधार आहे, तो माहीत असावा. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असतात. करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने, व्याज मागता येतं. राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे तक्रार करता येते. कर-निर्धारण वर्ष 2024-25 पासून आयकरातही अशी तरतूद आली आहे की मुदतीत पैसे न दिल्यास खरेदीदाराला तो खर्च पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. या सगळ्यासाठी उद्यम नोंदणी हवी. नुसत्या खरेदी-विक्रीच्या व्यापाऱ्याला यातलं सगळं लागू होत नाही, म्हणून आपल्या सीएंना विचारून घ्यावं. हक्काचे पैसे मागणं म्हणजे लोभ नव्हे. त्या पैशांत कामगाराच्या घरचा तांदूळ असतो.

*७. घराची कुंपणं*

ओहोटी येणारच आहे असं धरून भरतीत काही कुंपणं घालून ठेवावीत :

▪️ धंद्याचं खातं वेगळं, घराचं वेगळं. घरखर्चाला दर महिन्याला ठरलेली रक्कम घ्यावी. गल्ल्यातून "थोडे" उचलायचे नाहीत.

▪️ एकट्याच्या मालकीच्या धंद्यात कर्जाची जबाबदारी मालकाच्या सगळ्या मालमत्तेवर येते, घरावरही. भागीदारीत एका भागीदाराने केलेलं देणं दुसऱ्यावरही येतं. एलएलपी किंवा प्रायव्हेट लिमिटेडमध्ये जबाबदारी मर्यादित असते, पण बँकेला वैयक्तिक हमी लिहून दिली की ते कुंपण मोडतं.

▪️ आई, पत्नी, भाऊ यांची सही जामीन म्हणून घेण्याआधी त्यांना कागद वाचून दाखवावा. "इथे सही कर" एवढंच सांगून घेतलेली सही हा विश्वासघात आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

▪️ धंदा बंद पडला तरी घर किमान सहा महिने चालेल एवढी पुंजी बाजूला. आणि मुलांच्या शिक्षणाचे पैसे धंद्यात घालायचे नाहीत.

▪️ नवीन शाखा काढताना, ती बुडाली तर किती बुडेल, हा आकडा आधी कागदावर लिहावा. तो आकडा बघून झोप लागत असेल तरच पुढे जावं.

*८. सत्संग आणि पैसा*

हा मुद्दा नाजूक आहे, पण बोलायलाच हवा. आपल्या गटात प्रेम आहे, विश्वास आहे. त्यामुळेच काही ठिकाणी गुरुबंधूंकडून ठेवी गोळा करणं, "महिन्याला इतके टक्के" अशा योजना सांगणं, चिठ्ठी-फंड चालवणं असे प्रकार होतात. कृपा करून आपल्या कुटुंब-गटांत हे करू नये आणि होऊ देऊ नये. लोकांकडून बेकायदा ठेवी घेण्यावर 2019 च्या कायद्याने बंदी आहे, शिक्षाही कडक आहे. पण कायदा बाजूला ठेवला, तरी पैसे बुडाले की दोन घरं फक्त पैसाच गमावत नाहीत, ती सत्संगाला यायचीही बंद होतात.

गुरुबंधू अडचणीत असेल तर काय करावं? आमचा शिरस्ता असा : मदत करायची तर देऊन टाकता येईल एवढीच करायची, परत आले तर आनंद. त्याहून मोठी रक्कम असेल तर दोन्ही घरांच्या माणसांसमोर, लेखी. आणि पैशाहून मोठी मदत म्हणजे त्यांच्या दुकानातून माल घेणं, उधारी न ठेवणं, मुलाला कामाची ओळख करून देणं, हिशेब नीट लावून देणं. आपल्या माणसाकडून माल घेऊन "देतो हळूहळू" म्हणणारेच फार. तसं करू नका. आपल्या माणसाचं बिल सगळ्यात आधी चुकतं करावं.

*९. मन खचलं तर*

धंदा बसला की माणूस गप्प होतो. जेवण कमी होतं, रात्री उठून बसतो, फोन घ्यायचं टाळतो, सत्संगाला यायचं टाळतो. घरातल्यांनी हे ओळखावं. त्या वेळी उपदेश नको, "मी तुला तेव्हाच सांगितलं होतं" हे तर मुळीच नको. शेजारी बसावं, चहा करावा, आणि विचारावं, "एकूण किती देणं आहे? कागदावर लिहू या." आकडा कागदावर आला की तो मनातल्यापेक्षा बहुधा लहानच वाटतो. मग कोणाला आधी द्यायचं, कोणाकडे मुदत मागायची, काय विकायचं, ते ठरवता येतं. बँकेकडे आपण होऊन गेलं तर हप्ते वाढवून मागता येतात. लपलं तर दार बंद होतं.

कुणाच्या बोलण्यात जीव नकोसा झाल्याची भाषा आली, तर त्याला एकटं सोडू नका. 14416 या टेली-मानस क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, आपल्या भाषेत बोलता येतं. डॉक्टरकडे नेणं म्हणजे श्रद्धा कमी असणं नव्हे. कर्ज फिटतं, दुकान परत उघडतं. माणूस गेला तर परत येत नाही. हे प्रत्येक घरात, मुलांच्या देखत, मोठ्याने बोललं जावं.

*१०. घरी बसून चर्चा करण्यासाठी*

या आठवड्यात एका संध्याकाळी, आरतीनंतर, टीव्ही आणि मोबाइल बंद करून अर्धा तास काढा. लहान मुलांनाही बसवा.

1) आपल्या घरात पैशाची अडचण आली तर ती सगळ्यात आधी कोणाला सांगितली जाते? आणि कोणाला सांगितली जात नाही? का?

2) सत्यम आणि शांता, या दोन गोष्टींत अडचण आल्यावर काय वेगळं घडलं?

3) तुकाराम महाराजांनी भावाचा हिस्सा आधी का दिला असेल?

4) आपल्याकडे कोणाचे पैसे थकले आहेत का? दूधवाला, कामवाली मावशी, शिंपी, गुरुबंधूचं दुकान? यादी करा.

5) नोकरी करणाऱ्या घरांसाठी : घरातल्या कुणाला धंदा करायचा असेल तर आपण त्याला काय विचारू, आणि काय बोलून खच्ची करणार नाही?

*या आठवड्याचा संकल्प*

घरात एक साधी वही घालू या. डाव्या पानावर येणं, उजव्या पानावर देणं. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी पती-पत्नी आणि मोठी मुलं मिळून ती वाचतील. चांगला महिना असो वा वाईट, वही उघडायचीच. ज्यांचा धंदा नाही, पगार आहे, त्यांनीही करावी. वर दिलेल्या चौथ्या प्रश्नाच्या यादीतलं निदान एक थकलेलं देणं या आठवड्यात चुकतं करावं.

कुणाला हिशेब मांडायला, उद्यम नोंदणी करायला किंवा थकलेल्या बिलाची तक्रार लिहायला मदत हवी असेल, तर आपल्या गटप्रमुखांना सांगा. आमच्यातले दोघे-तिघे रविवारी सकाळी वेळ देतील. मोबदला नाही, ही सेवा समजा. गटावर सगळ्यांसमोर लिहायला संकोच वाटत असेल तर वैयक्तिक निरोप पाठवा, नाव कुठेही येणार नाही.

सद्गुरूचरणी एवढीच प्रार्थना की भरतीत आम्हाला भान राहो, ओहोटीत धीर राहो, आणि दोन्हींत वही खरी राहो.

हा पाठ आपल्या कुटुंब-गटात जरूर पाठवा. पुढच्या गुरुवारी प्रश्नोत्तरं घेऊ. प्रश्न मंगळवारपर्यंत कळवावेत.

जय गुरुदेव 🙏
— हैदराबाद कुटुंब-अभ्यास गट